मैदान आणि छावणी

परमुलखात राहणाऱ्या माणसाला गावाकडचा कोणी भेटला, म्हणजे पहिली चौकशी होते ती पाऊसपाण्याची आणि घरच्या माणसांची. राजकारणाच्या व बाजारभावाच्या गोष्टी मागाहून निघतात. महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आपणां मराठी माणसांना हा अनुभव नवा नाही. गावाकडून आलेला माणूस विद्वान असावा लागत नाही, त्याने काही भेट आणावी अशीही अपेक्षा नसते. आपण ज्या रस्त्यांवरून लहानाचे मोठे झालो ते रस्ते तो नुकतेच पाहून आला आहे, एवढे पुरते. सैनिकाच्या बाबतीत ही गोष्ट शतपटीने खरी आहे. त्याचा परमुलूख त्याने स्वतः निवडलेला नसतो आणि तेथून परत येण्याची शाश्वती नसते.

अशा सैनिकाकडे गावाकडचा माणूस म्हणून कोणाला पाठवावे, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या राष्ट्रांनी आपापल्या परीने दिले आहे. कोणी धर्मगुरू पाठविले, कोणी गायक आणि नटनट्या पाठविल्या. अमेरिकेने या सर्वांबरोबर आणखी एक माणूस पाठविला, तो म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रशिक्षक. वरवर पाहता हा केवळ करमणुकीचा प्रकार वाटतो. त्यात इतिहासाने दखल घ्यावी असे काय आहे, अशी शंका वाचकांस येईल. परंतु शंभर वर्षांचा हा वृत्तान्त क्रमाने पाहिला, तर खेळणारी मुले आणि लढणारी मुले यांच्यातील अंतर कसकसे वाढत गेले याचा तो एक चोख हिशेब आहे, असे दिसून येते.

प्रथम या खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुधा हातात घेऊन पळावयाचा किंवा हाताने फेकावयाचा असतो, आणि समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला अंगावर धावून जाऊन पाडावयाचे असते. चार प्रयत्नांत दहा यार्ड भूमी जिंकली तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर तो प्रतिपक्षाकडे जातो. भूमी जिंकणे आणि गमावणे हाच या खेळाचा आत्मा असल्यामुळे त्याची भाषाही युद्धातून उचललेली आहे. लांबवर फेकलेल्या चेंडूला तेथे ‘बाँब’ म्हणतात, चेंडू फेकणाऱ्यावर अचानक तुटून पडण्याला ‘ब्लिट्झ’, आणि दोन्ही फळ्या जेथे भिडतात त्या जागेला ‘खंदक’.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत झालेला सामना हा या परंपरेचा आरंभ मानतात. तो फार पुढे व्यावसायिकांच्या हाती गेला, तरी त्याची मुळे विद्यापीठांतच राहिली. लहानशा राज्यातील शेतकऱ्याला, ज्याने विद्यापीठाची पायरी कधी चढलेली नसते, त्यालाही आपल्या राज्याच्या विद्यापीठाचा संघ आपला वाटतो. त्या संघाचा प्रशिक्षक हा आपल्याकडील तालमीतल्या वस्तादासारखा असतो. तो खेळ शिकवितो, त्याचप्रमाणे मुलांच्या अभ्यासावर, वागणुकीवर आणि झोपेच्या वेळेवरही त्याची नजर असते. मुलगा संघात घेण्यासाठी तो त्याच्या घरी जातो, आईच्या स्वयंपाकघरात बसतो आणि मुलाला सांभाळीन असा शब्द देऊन त्याला घेऊन येतो. हा शब्द पुढे आपल्याला आठवावा लागेल.

खेळ धसमुसळा होता आणि त्यात मुले मरतही असत. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. खेळ बंद पाडावा असे म्हणणारे लोक होते. परंतु रूझवेल्ट त्यांतले नव्हते. हा खेळ तरुणांना मर्दानी बनवितो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या काळच्या सुशिक्षित अमेरिकेची तीच श्रद्धा होती.

या श्रद्धेची पहिली परीक्षा १९१७ साली झाली. अमेरिका महायुद्धात उतरली आणि लक्षावधी तरुण भराभर उभारलेल्या छावण्यांत गोळा झाले. त्यांना व्यसनांपासून आणि कंटाळ्यापासून दूर ठेवण्यासाठी सरकारने खास मंडळे नेमली आणि त्यांत विद्यापीठांतील क्रीडाशिक्षकांना पाचारण केले. येलचे वॉल्टर कँप, ज्यांना अमेरिकन फुटबॉलचे जनक म्हणतात, ते त्या वेळी साठीच्या घरात होते. नौदलातील रंगरुटांसाठी त्यांनी बारा व्यायामांचा एक क्रम बसविला, आणि तो पुढे घरोघर पसरला.

युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले, तेव्हा फ्रान्समध्ये सुमारे २० लक्ष अमेरिकन सैनिक होते आणि त्यांना घरी नेण्यास पुरेशी जहाजे नव्हती. लढाई संपलेली, घर दूर, हाताला काम नाही. सैन्याला याहून धोक्याची अवस्था दुसरी नसते. वरिष्ठांनी हुकूम काढून खेळ सुरू केले. तुकड्या-तुकड्यांचे फुटबॉल सामने होत होत २९ मार्च १९१९ रोजी पॅरिस येथे अंतिम सामना झाला. सरसेनापती पर्शिंग स्वतः पाहावयास आले होते. ८९ व्या डिव्हिजनने ३६ व्या डिव्हिजनचा १४-६ असा पराभव केला. या खेळाडूंपैकी कित्येक जण महाविद्यालयांच्या मैदानांवरून थेट खंदकांत गेलेले होते. खेळाडू आणि सैनिक या दोन जाती तेव्हा झालेल्या नव्हत्या.

दुसऱ्या महायुद्धात हे नाते अधिकच घट्ट झाले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर नौदलाला हजारो वैमानिक हवे होते. टॉम हॅमिल्टन हे नौदल अकादमीच्या संघाचे एके काळचे खेळाडू व प्रशिक्षक. त्यांनी अशी योजना मांडली की, विमानात बसविण्यापूर्वी मुलांना शरीराने आणि मनाने कणखर करावे आणि त्यासाठी फुटबॉलसारखे अंगमेहनतीचे खेळ सक्तीने शिकवावे. १९४२ मध्ये आयोवा, उत्तर कॅरोलायना, जॉर्जिया आणि कॅलिफोर्निया येथील चार विद्यापीठांत ही केंद्रे उघडली. देशातील नामांकित प्रशिक्षकांनी अंगावर नौदलाचा गणवेश चढविला. मिनेसोटाचे बर्नी बीरमन आयोवाच्या केंद्रावर गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी मिझूरीचे डॉन फॉरो आले. फॉरो यांच्या हाताखाली तेथे काम केलेले बड विल्किन्सन आणि जिम टेटम हे पुढे स्वतः मोठे प्रशिक्षक झाले. फॉरो यांची खेळाची नवी रचना या लष्करी केंद्रातूनच देशभर गेली, हा या इतिहासातील एक गमतीचा योग आहे.

या मताला विरोध नव्हता असे नाही. मुष्टियुद्धाचे माजी जगज्जेते जीन टनी हे त्या वेळी नौदलाच्या शारीरिक शिक्षणाचे एक प्रमुख होते. खेळ म्हणजे युद्धशिक्षण नव्हे असे ते स्पष्टपणे म्हणत. भूसेनेनेही महाविद्यालयांत ठेवलेल्या आपल्या शिकाऊ सैनिकांना विद्यापीठांच्या संघांतून खेळण्यास मनाई केली. नौदलाने मात्र परवानगी दिली. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली, यावरून तो प्रश्न किती अनिर्णित होता हे कळते.

त्याचे खरे उत्तर प्रशांत महासागरात मिळाले. ग्वाडलकनाल बेटावर १९४४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मरीन सैन्याच्या चौथ्या आणि एकोणतिसाव्या रेजिमेंटांमध्ये फुटबॉलचा सामना झाला. दोन्ही बाजूंना विद्यापीठांचे नाणावलेले खेळाडू होते: नोत्र दामच्या संघाचा १९४२ चा कर्णधार जॉर्ज मर्फी, विस्कॉन्सिनचा डेव्ह श्रायनर, पर्ड्यूचा टोनी बट्कोविच. मैदान म्हणजे प्रवाळाची खडी पसरलेली कवायतीची जागा. कोणालाच गुण मिळाला नाही. ०-० अशी बरोबरी झाली. तीन महिन्यांनी, १ एप्रिल १९४५ रोजी, ओकिनावाची लढाई सुरू झाली. त्या दिवशी खेळलेल्या सुमारे ६५ जणांपैकी १५ जण त्या लढाईत मारले गेले. मर्फी, श्रायनर आणि बट्कोविच हे तिघेही त्यांत होते. खेळातले कौशल्य बंदुकीच्या गोळीपुढे चालत नाही, हे सांगावयास वेगळा पुरावा नको.

आणि १ जानेवारी १९४६ रोजी याच मरीन सैन्याच्या दुसऱ्या डिव्हिजनने नागासाकी शहरात नववर्षाचा सामना खेळला. अणुबाँब पडून पाच महिनेही झाले नव्हते. अँजेलो बर्टेली आणि बिल ऑस्मान्स्की हे दोन प्रख्यात खेळाडू दोन संघांचे प्रमुख होते. जमिनीत काचांचे तुकडे इतके होते की खेळाडूला खाली पाडण्याचा नियम रद्द करावा लागला; दोन्ही हातांनी स्पर्श केला म्हणजे तो बाद. या सामन्याचे नावही ‘अॅटम बाउल’ असे ठेवले होते. ज्यांनी तो योजिला त्यांच्या मनात क्रौर्य होते असे म्हणवत नाही. घरची आठवण काढणाऱ्या मुलांना नववर्षाच्या दिवशी घरच्यासारखे काही तरी द्यावे, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु आपले घर आठवण्याच्या नादात दुसऱ्यांची घरे जेथे होती ती जागाही विसरता येते, ही गोष्ट त्या मैदानाने कायमची नोंदवून ठेवली आहे.

येथपर्यंतच्या कथेत एक गोष्ट समान आहे. प्रशिक्षक आणि त्याचे खेळाडू दोघेही गणवेशात होते. आईच्या स्वयंपाकघरात दिलेला शब्द प्रशिक्षकाला पाळता आला नाही, तरी तो स्वतः मागे घरी बसला नव्हता. पुढच्या मोठ्या युद्धात ही समानता राहिली नाही.

वुडी हेज हे ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक. त्यांचा जन्म १९१३ चा. वडील शाळाखात्यात अधिकारी, आणि ते स्वतःही आरंभी शाळामास्तर होते. १९४१ मध्ये ते नौदलात गेले आणि युद्धाच्या अखेरीस ‘राइनहार्ट’ या युद्धनौकेचे कप्तान झाले. १९५१ पासून २८ हंगाम त्यांनी ओहायो स्टेटचा संघ घडविला. लष्करी इतिहासाचे त्यांना वेड होते. चेंडू हवेत उडवून यश मिळविण्यापेक्षा तो छातीशी धरून तीन-तीन यार्डांनी पुढे रेटावा, या त्यांच्या पद्धतीची सगळीकडे थट्टा होई. पण कोलंबस शहरातील मैदानावर ८०,००० माणसे ती पाहावयास जमत. त्यांचा राग तर प्रसिद्धच होता. रागाच्या भरात ते डोक्यावरची टोपी फाडीत आणि हातातले घड्याळ आपटीत.

हे गृहस्थ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकदा नव्हे, अनेकदा व्हिएतनामला गेले. बरोबर ओहायो स्टेटच्या सामन्यांच्या फिल्मा नेल्या. छावण्यांतून जाऊन ते त्या फिल्मा सैनिकांना दाखवीत. करमणुकीच्या दृष्टीने ही मेजवानी साधीच होती. बॉब होप यांच्या नाताळच्या दौऱ्यात नट्या असत, वाद्यवृंद असे. येथे एक स्थूल, चष्मा लावणारा, पन्नाशी उलटलेला मास्तर आणि निकाल आधीच ठाऊक असलेला सामना. तरीही सैनिक जमत, कारण पडद्यावर जे मैदान होते ते ओहायोचे होते, आणि ते दाखविणारा माणूस तेथून नुकताच आलेला होता.

परंतु हेज यांच्या या दौऱ्यांतील खरे काम ते परत आल्यावर सुरू होई. भेटलेल्या मुलांची नावे व घरचे दूरध्वनी क्रमांक ते टिपून आणीत आणि मायदेशी पोहोचल्यावर एकेका घरी स्वतः दूरध्वनी करून, तुमचा मुलगा मला भेटला होता, असे सांगत. आज या कृतीचे महत्त्व समजण्यास त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. व्हिएतनाममधील सैनिकाची नेमणूक बहुधा एक वर्षाची असे, आणि त्या वर्षात घरच्यांचा आवाज कानी पडणे दुर्मिळ होते. हौशी बिनतारी संदेशकांच्या मदतीने लष्कराने एक व्यवस्था केली होती; तीत काही मिनिटे बोलता येई, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणावे लागे, आणि मधले अनोळखी लोक ते बोलणे ऐकत असत. नाही तर भिस्त पत्रावर. पत्र हे मुलाने स्वतः लिहिलेले असते, आणि मुले आईला नेहमीच ‘मी खुशाल आहे’ असे लिहितात. त्रयस्थाने पाहून सांगितलेली खुशाली निराळी. तीवर आई विश्वास ठेवते.

हा भाग कोणालाही आवडेल असा आहे. पण इतिहास येथे थांबू देत नाही. जे विद्यार्थी महाविद्यालयात नाव घालून नियमित शिकत होते, त्यांना तेव्हाच्या कायद्याने सक्तीच्या भरतीतून सवलत मिळत असे. १९७१ मध्ये ती नव्या विद्यार्थ्यांना बंद झाली. म्हणजे छावणीतल्या पडद्यावर धावणारा मुलगा आणि तो पाहत बाकावर बसलेला मुलगा हे एकाच वयाचे, पुष्कळदा एकाच गावचे होते. एकाच्या अंगात खेळ होता किंवा घरात फी भरण्याची ऐपत होती; दुसऱ्यापाशी दोन्ही नव्हते. या नियमालाही अपवाद होते. वेस्ट पॉइंटचा नामांकित खेळाडू डॉन हॉलिडर हा १७ ऑक्टोबर १९६७ रोजी ओंग थान्हच्या लढाईत पडला. ओक्लाहोमाचा बॉब कल्सू २१ जुलै १९७० रोजी मारला गेला. तथापि अपवादांनी नियम झाकत नाही. १९१८ मध्ये जे मैदानावर होते तेच खंदकात गेले. १९६८ मध्ये मैदानावरचे मैदानावर राहिले आणि खंदकात दुसरेच गेले. त्याच १९६८ साली ओहायो स्टेटने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

हेज यांनी हा विचार कधी बोलून दाखविला की नाही, यावर त्यांची पारख करण्याचे कारण नाही. ते युद्धाचे समर्थक आणि रिचर्ड निक्सन यांचे स्नेही होते, व त्या मताची त्यांनी लपवाछपवी केली नाही. परंतु ४ मे १९७० रोजी ओहायोतीलच केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, त्या दिवसांत कोलंबसच्या आवारातही विद्यार्थी खवळले होते आणि विद्यापीठ काही दिवस बंद ठेवावे लागले. तेव्हा हा युद्धसमर्थक मास्तर निदर्शकांच्या घोळक्यात शिरून त्यांच्याशी बोलत उभा राहिला. छावणीत जाणारा आणि घोळक्यात शिरणारा माणूस एकच होता. जेथे मुले आहेत तेथे आपण असावे, अशी त्याची समजूत होती.

याच माणसाचा शेवट मात्र विषादजनक झाला. २९ डिसेंबर १९७८ रोजी जॅक्सनव्हिल येथील गेटर बाउल सामन्यात क्लेमसनच्या चार्ली बाउमन या खेळाडूने ओहायो स्टेटचा फेकलेला चेंडू पकडून सामना हिरावून घेतला आणि तो हेज यांच्या समोरच सीमेबाहेर येऊन पडला. हेज यांनी त्याला ठोसा मारला. सर्व देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. अनोळखी घरांतील आयांना मुलांची खुशाली कळविणाऱ्या हाताने दुसऱ्या एका आईच्या मुलावर प्रहार केला. मैदानाला रणभूमी म्हणता म्हणता ते खरेच रणभूमी वाटू लागते, असा याचा एक अर्थ आहे. १९८७ मध्ये हेज वारले तेव्हा त्यांच्या स्मृतिसभेत निक्सन बोलले. आजही ओहायोत त्यांचे नाव काढले की एक जण ठोशाची आठवण सांगतो आणि दुसरा दूरध्वनीची. दोघेही खरे सांगतात.

१९७३ मध्ये अमेरिकेत सक्तीची भरती संपली. तेव्हापासून सैन्य स्वेच्छेने आलेल्यांचे आहे, आणि मैदान व छावणी यांचे मार्ग आरंभापासूनच वेगळे होतात. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धे चालू असताना, २००८ च्या मे महिन्यात, संरक्षण खात्याच्या करमणूक विभागाने पाच महाविद्यालयीन प्रशिक्षकांचा दौरा काढला: नोत्र दामचे चार्ली वाइस, जॉर्जियाचे मार्क रिक्ट, ऑबर्नचे टॉमी ट्युबरव्हिल, मायामीचे रँडी शॅनन आणि येलचे जॅक सीडलेकी. समुद्रापारच्या तळांवर जाऊन ते सैनिकांना भेटले. २००९ मध्ये दुसरा दौरा निघाला. त्यात टेक्ससचे मॅक ब्राउन होते, आणि ओहायो स्टेटचे जिम ट्रेसलही होते. हेज ज्या आसनावर बसत, त्याच आसनावरचा माणूस चाळीस वर्षांनी पुन्हा सैनिकांच्या भेटीस गेला.

आता सर्व काही अधिक व्यवस्थित होते. विमान लष्कराचे, कार्यक्रम आखलेला, छायाचित्रकार बरोबर. सैनिकांपाशी संगणक होते. घरच्यांशी ते स्वतः बोलू शकत होते. निरोप्याची गरज उरली नव्हती. तरीही सैनिक हस्तांदोलनासाठी रांगा लावून उभे राहिले, आणि त्याचे कारण शोधणे कठीण नाही. ज्या देशातील बहुसंख्य घरांचा कोणीही मुलगा युद्धावर नव्हता, त्या देशाला आपण ठाऊक आहोत, एवढी खूण त्यांना हवी होती.

अशा भेटींनी युद्धाला साजशृंगार चढतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. प्रसिद्ध माणूस छावणीत आला की छावणी उत्सवासारखी दिसते, आणि हे युद्ध व्हावे की न व्हावे हा प्रश्न त्या दिवसापुरता मागे पडतो. पण म्हणून त्या भेटीच होऊ नयेत, असे मात्र म्हणवत नाही. ज्याला तेथे पाठविले आहे त्याने तो निर्णय घेतलेला नसतो. त्याला भेटणे म्हणजे निर्णयाला संमती देणे नव्हे. कसोटी वेगळीच आहे. भेटीनंतर पाहुणा काय घेऊन परत येतो, छायाचित्र की पत्ता?

हेज पत्ते घेऊन आले. त्या दूरध्वनीवर सांगण्यासारखे फारसे नसे. मुलगा अमुक ठिकाणी भेटला, प्रकृती बरी दिसली, घरची आठवण काढीत होता. याहून अधिक कोण काय सांगणार? शिवाय ती बातमी पाहणाऱ्याने पाहिले त्या दिवसापुरतीच खरी असे. मध्ये समुद्र होता, मध्ये कित्येक दिवस गेलेले असत, आणि तेवढ्या काळात तिकडे काय घडले असेल हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसे आणि ऐकणारीलाही. तरी तिने तो निरोप पुन्हा एकदा सांगावयास लावला असेल, यात शंका नाही.